पाच किलो आले कुठून?

"उतर. आणि परत चढ," कुंदन म्हणाला.

नमिता वजनकाट्यावरून उतरली आणि परत चढली. आकडा तोच. ब्याऐंशी. बारा दिवसांपूर्वी सत्त्याहत्तर होता.

"दुधीचं सूप आणि दोन फुलके खाऊन पाच किलो? मला काय येडा समजतेस?"

"मी काय खाल्लं नाय रे. बाळाची शपथ."

"बाळाला मधे आणू नको." त्याने कपाट उघडलं आणि साड्यांच्या मागे हात घातला. बिस्किटाचा पुडा शोधत होता तो. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि आठव्या महिन्यातल्या बायकोची झडती चालली होती!

नमिता भिंतीला धरून उभी राहिली. भुकेने पोटात खड्डा पडला होता. रात्री तिला वरणभाताचं स्वप्न पडायचं. साधा वरणभात, वर लिंबू पिळलेला. तेवढंसुद्धा तिने तोंडात घातलं नव्हतं, कारण स्टेशनजवळच्या त्या चकचकीत क्लिनिकात भात बंद केला होता. तिथे आत पाऊल टाकलं की आधी काटा. मग डाएटवाली मॅडम. मोठ्या डॉक्टरीणबाई दोन मिनिटं दर्शन द्यायच्या आणि निघून जायच्या. मागच्या खेपेला मॅडम कुंदनकडे बघून म्हणाली होती, "पोटात बाळ आहे, हत्ती नाही. घरी चोरून खातात का या?" कुंदन हसला. "खात असेल," म्हणाला. मॅडमने फाइल पुढे सरकवली, तिने बोट दाखवलं तिथे त्याने सही ठोकली आणि दोघं घरी आले.

आणि एकटी मॅडमच का? गरोदर बाईचं पोट म्हणजे गावची चावडी, कुणीही यावं आणि बसावं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची गीतांजली हटकून म्हणायची, "माझं तर नऊच किलो वाढलं हं." तीन दिवस नमिताचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तेही तिने सांगून पाहिलं. "साखर सोडली की दुखतंच," कुंदन म्हणाला. "मॅडमने सांगितलंय."

बेल वाजली. दारात पुतळाबाई, कुंदनची आई. दिवाळे गावातल्या कोळीवाड्यातून ती सहसा इकडे येत नसे. आज बाजारात मच्छी विकून परस्पर आली होती, हातात बोय माशांच्या कालवणाचा डबा. पलंगावर साड्यांचा ढीग आणि काट्याशेजारी सून बघून ती दारातच थांबली.

"काय हरवलं?"

"काय नाय, आये. हिलाच विचार काय लपवून खाते ते."

पुतळाबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती नमिताचं तोंड बघत होती. मग हात बघितले.

"बाय, अंगठी कुठं हाय?"

"बोटात जात नाय, आई. सोमवारपासून."

पुतळाबाई फरशीवर बसली. सुनेला पलंगाच्या कडेला बसवून तिचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. सोडला. थांबली. तिथे खळगा पडला होता, चिंचोका मावेल एवढा. तो भरून येईना. दुसऱ्या पायालाही तेच.

चाळीस वर्षं ती हाच अंगठा माशांवर दाबत आली होती. चांगला मासा दाबला की उसळून वर येतो. बर्फाचं पाणी प्यायलेला मासा काट्यावर जड भरतो, पण अंगठ्याचा खळगा तसाच ठेवतो. अशा माशाला भुलून पैसे मोजणारं गिऱ्हाईक तिने रोज बघितलं होतं.

"ह्ये खान्याचं वजन नाय," ती म्हणाली. "पानी हाय. पोरीच्या अंगात पानी भरलंय आनि तू कपाटात बिस्किटं शोधतोस? लाज नाय वाटत? गाडी काढ. त्या काटेवालीकडं नाय, मोठ्या दवाखान्यात."

"आये, मॅडम शिकलेली आहे. तुला काय कळतं त्यातलं?"

"गाडी काढ!"

नमिताला रडू फुटलं. "आई, मी खरंच काय खाल्लं नाय."

"ठाव हाय मला, बाय."

मोठ्या दवाखान्यात नर्सने नाव विचारायच्या आधी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. एकशे ऐंशी. तिने पुन्हा मोजलं आणि पळतच डॉक्टरांना बोलावलं. नमिताला स्ट्रेचरवर आडवं केलं, हातात सुई गेली. तरुण डॉक्टरीण भराभर बोलत होती. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण आज सिझर करावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर फिट येऊ शकली असती, मग दोघांचंही काही सांगता आलं नसतं.

"आधीची फाइल द्या. बीपी काय असायचं?"

कुंदनने फाइल दिली. डॉक्टरणीने पानं उलटली, पुन्हा उलटली. "शेवटच्या तीन खेपांत बीपी घेतलेलंच नाही. रकाना कोरा आहे." फाइल तशीच उघडी त्याच्या हातात देऊन ती ऑपरेशनची तयारी करायला सांगण्यासाठी धावली.

पुतळाबाईने पानावर बोट ठेवलं. वजनाभोवती लाल गोल होता आणि खाली लाल अक्षरांत काहीतरी होतं. "ह्ये काय लिवलंय रं? मला वाचता येत नाय."

"काय नाय, आये."

"वाच. मोठ्यानं वाच."

नमिता स्ट्रेचरवर डोळे मिटून ऐकत होती.

"पेशंट लपून खाते," कुंदनने वाचलं. "घरच्यांनी खात्री दिली आहे."

"आनि त्याच्याखाली सही कुनाची हाय?"

"माझी, आये."