उजवा कौल

"मी मेलो तरी त्या खुराड्यात येणार नाय," धोंडू म्हणाला आणि हातातला चहाचा पेला त्यानं दारापुढच्या खळ्यात भिरकावला.

पेला जांभ्याच्या पायरीवर आपटून फुटला. यमुनाबाई उठली, काचा वेचल्या आणि नवऱ्यासाठी दुसरा चहा टाकायला आत गेली.

हरिश्चंद्र ओटीवर बसून होता. धोंडूचा हा एकुलता मुलगा रत्नागिरीला, मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात कारकून होता. नुकतीच त्यानं शहरात दोन खोल्यांची जागा घेतली होती. आईवडिलांना तिथं न्यावं म्हणून रजा काढून तो मंडणगडाजवळच्या या गावी आला होता आणि सकाळपासून शिव्या खात होता.

"बाबा, छातीत कळ आली तेव्हा काय झालं आठवतं? डोलीत घालून सडकेपर्यंत नेलं तुम्हाला. कोकणात रेल्वे येऊन पाच वर्षं झाली, या गावाला अजून डॉक्टर नाय."

"आणि तुज्या रत्नागिरीत माणसं मरत नायत काय?"

"मरतात. पण औषध घेऊन मरतात."

"शेजारचा केरू बघून आलाय तुजी जागा. खिडकी उघडली का दुसऱ्याची मोरी दिसते. वर जेवताना मासळीचा वास फुकट! इथं माजी कलमं हायत, गुरं हायत. ती काय तुजा सासरा बघणार?"

"कलमांना पाणी आये घालते. गुरंही तीच बघते," हरिश्चंद्र बोलून गेला.

धोंडू ताडकन उभा राहिला. "मग तिलाच विचार! तिचा जीव लागंल का तिथं? हितली विहीर, हितला गोठा सोडून ती चार दिवस तरी जगंल का? बोल गो!"

यमुनाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धोंडूच देतो, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती वाट पाहत राहिली.

"बघ, नाय म्हणते," धोंडू म्हणाला.

"बाबा, ती काही बोललीच नाही."

"माज्या घरात तू मला शिकवू नको! माजा निवाडा करणारा तू कोण? माजा निवाडा गावदेवी करील. उद्याच कौल लावतो. देवी जा म्हणाली तर गपगुमान जीपमध्ये बसंन. ऱ्हा म्हणाली तर तू परत हा विषय काढायचा नाय."

गावात देवीचा कौल कोणी मोडत नसे. मागे केरूच्या मुलीचं ठरलेलं लग्न डाव्या कौलामुळे मोडलं. केरू फार रडला होता. कौल म्हणजे कौल, असं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तो धोंडूच.

त्या संध्याकाळी यमुनाबाई देवीची ओटी भरून आली. नवऱ्याच्या मनासारखं व्हावं म्हणून गेली असेल, असं शेजारणींना वाटलं. धोंडूलाही तसंच वाटलं. "बरं केलंस," तो म्हणाला. तो सहसा एवढंही म्हणत नसे.

सकाळी देवळात गाव जमला. बाबू गुरवानं फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावानं घालायचं, ही रीत.

"आई, तुजं लेकरू धोंडू. त्यानं गाव सोडून पोराकडं ऱ्हायला जावं, असं तुज्या मनात असंल तर उजवी दे!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

धोंडू निश्चिंत उभा होता. सगळे पाषाणाकडे बघत राहिले. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली. डावी तशीच चिकटून राहिली.

देवळाबाहेर येताच धोंडूनं मुलाची कॉलर धरली. "गुरवाला काय चारलंस? बोल!"

"देवीशप्पत, बाबा, मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही!"

"धोंडू," केरू मागून म्हणाला, "कौल म्हणजे कौल."

धोंडूनं कॉलर सोडली. त्या दिवशी तो जेवला नाही. ताट भिंतीवर आपटलं. यमुनाबाईनं भिंत पुसली आणि त्याची ट्रंक भरली.

दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप दारात आली. निरोप द्यायला निम्मा गाव लोटला होता. धोंडू कोणाकडे न बघता मागच्या बाकावर, कडेला जाऊन बसला. हरिश्चंद्रानं ट्रंक चढवली.

"बस लवकर," धोंडू बायकोवर खेकसला.

यमुनाबाई खळ्यातून हलली नाही. "मी कशाला? गाऱ्हाणं तुमच्या नावानं झालं. माज्या नावानं कोणी विचारलं नाय."

"आये, असं काय करतेस? एकटी कशी ऱ्हाशील?" हरिश्चंद्र म्हणाला.

"ऱ्हाईन."

"मग मी पण जात नाय!" धोंडू ओरडला आणि दांडीला धरून अर्धा उठला. केरू समोरच उभा होता. तो नुसता बघत राहिला. धोंडू परत खाली बसला.

मग सगळा राग मुलावर उलटला. "तुज्यामुळं झालं हे! गुरवाला फितवलंस आणि आयबापाची ताटातूट केलीस!" त्यानं हरिश्चंद्रावर हात उगारला.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. यमुनाबाई जीपजवळ आली, तिनं तो उगारलेला हात मनगटात पकडून खाली आणला आणि वाकून, धोंडूला एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"पोराला बोलू नका. गुरवाकडं मी गेले होते."