गानिशची आरोळी

बास्क माणूस जगाच्या पाठीवर कुठेही हरवला तरी त्याच्या इरिंत्सीवरून ओळखू येतो, अशी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून मेंढ्या राखायला अमेरिकेत, नेवाडातल्या एल्को गावात आलेल्या तमाम बास्क मंडळींची श्रद्धा होती. इरिंत्सी म्हणजे डोंगरावरून द्यायची आरोळी. खिंकाळण्यासारखी सुरू होते, चढत जाते आणि हसण्यात फुटते. प्रत्येकाची वेगळी असते म्हणे. नेवाडात ती ऐकायला मेंढ्यांशिवाय कुणीच नसल्यामुळे श्रद्धेला तडा जायचा प्रसंग आला नव्हता.

त्या शनिवारी टॉकीज मेंढपाळांनी भरलं होतं. चित्रपट चक्क बास्कांवर होता. घोडागाड्यांचा तांडा, अफाट माळरान आणि ऊठसूट नाचणाऱ्या बायका.

"आपण असे गाड्यांतून आलो?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी तर आगगाडीनं आलो. गळ्यात पत्त्याची चिठ्ठी, पार्सलासारखा," म्हातारा मात्तिन म्हणाला. "आणि ही बया आपल्याकडची? आमच्या आईनं असला घागरा पाहिला असता तर फाडून पडदे शिवले असते."

हशा पिकला. बेन्यात नावाचा मेंढपाळ तेवढा हसला नाही. त्याचा धाकटा भाऊ गानिश कॅलिफोर्नियात गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. सिनेमावाल्यांनी गर्दीसाठी तिकडचे खरे बास्क घेतले, असं खानावळीत कुणीतरी बोललं, आणि बेन्यात कळप दुसऱ्यावर सोपवून डोंगर उतरला. पडद्यावरचा एकेक चेहरा तो चुकलेली मेंढी शोधावी तसा शोधत होता.

तांडा खिंडीत अडकला. टेकडीमागून आरोळी उठली. चढली, फुटली आणि शेवटी उचकी लागल्यासारखी तुटली.

बेन्यात उभा राहिला. इरिंत्सीला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला परत पाठवणं. त्यानं छाती भरून उत्तर दिलं. टॉकीजभर माना वळल्या. पडद्यावर नायक-नायिका चुंबन घेत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"बस आता," मात्तिन हळूच म्हणाला. "गेलं असेल त्याला ऐकू."

बेन्यात शेजारच्या खानावळवालीकडे वळला. "ग्राशियाना, ती उचकी ऐकलीस? लहानपणापासून त्याला शेवटी दम पुरत नाही. आई म्हणायची, ह्याची आरोळीसुद्धा अर्धवट."

"ऐकली रे."

"आहे तो. जिवंत आहे."

सोमवारी त्यानं मेंढ्यांच्या मालकाला रामराम ठोकला. ग्राशियानानं पाव आणि चीज बांधून दिलं.

"त्याला काय सांगू तुझ्याकडून?" कॅलिफोर्नियाच्या बसच्या पायरीवरून त्यानं विचारलं.

"सांग, खिडकीजवळची खोली रिकामी आहे."

पुढच्या शनिवारी चित्रपट बदलला. ग्राशियाना मात्तिनबरोबर गेली. हा अरबस्तानातल्या टोळ्यांचा होता. उंटांचा तांडा वाळूत अडकला. ढिगाऱ्यामागून, तबकडी पुन्हा लावावी तशी, तीच आरोळी उठली. चढली, फुटली आणि शेवटी उचकी लागल्यासारखी तुटली.