गंज न धरणारी

मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तरी वासिलीचं दोन रायफलींत ठरेना. एकीची नळी स्टेनलेस, दुसरीवर काळा लेप. दस्ता दोन्हींचा प्लास्टिकचा.

"अलास्काच्या पावसात लोखंड टिकतं होय? गंजली म्हणजे?"

"स्टेनलेस घे रे," दुकानदार डेल म्हणाला. "वर्षभर पाण्यात ठेव, हिला काही होणार नाही."

कंटाळलेल्या नास्तासियाने खुंटीवरचं लाइफ जॅकेट काढून नवऱ्यापुढे धरलं. "आणि तुझं काय? हेही घे."

"चालायच्या आधी होडी वल्हवायला शिकलोय मी. चारचौघांत हसं करशील माझं!" त्याने ते परत खुंटीला अडकवलं.

होडी त्या शिकारीहून परतलीच नाही. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा वासिली सापडला, खांद्याला रायफल तशीच अडकवलेली. नास्तासियाला ती घरात नको होती. तिने ती डेलच्या दुकानात नेऊन दिली.

यंदा हंगामाच्या तोंडावर ती रायफल डेलच्या गल्ल्यामागे झळकतेय. खाली ठळक अक्षरांत पाटी:

"अख्खा हिवाळा नदीच्या तळाशी. गंजाचा ठिपका दाखवा!"