गाळलेला शब्द

‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हे वाक्य कामगारनेते रखमाजीतात्यांनी ज्या सभेत उच्चारले, त्याच सभेत त्यांनी सफाई कामगारांचा बेमुदत संप पुकारला होता.

साठ वर्षांनी तेच वाक्य दिवंगत तात्यांच्या छायाचित्रासह शहरभर फलकांवर झळकत होते. खाली मंत्र्यांचे नाव होते आणि पुन्हा संपावर गेलेल्या कामगारांना कामावर परतण्याचे आवाहन.

"ताई, तात्या खरंच असं बोलले असतील, तर उद्या सकाळी आम्ही संप मोडतो," युनियनच्या कडूबाई तात्यांच्या स्मारकातील ग्रंथपाल विमलताईंना म्हणाल्या. "मंत्र्याचा शब्द मोडला तर पाप लागत नाही. तात्यांचा कसा मोडायचा?"

विमलताईंनी मंत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालेला नवा भाषणसंग्रह उघडला. वाक्य तिथे होते. कडूबाईंचा चेहरा उतरला. परंतु मूळ तपासल्याशिवाय छापील मजकुरावर विश्वास ठेवण्याची विमलताईंना सवय नव्हती. त्यांनी कपाटातून त्या सभेची ध्वनिफीत काढून लावली.

तात्यांचा खणखणीत आवाज आला, "आधी कर्तव्य, मग हक्क, म्हणे!" पाठोपाठ सभा खदखदून हसली.

"अगं बाई! तात्या तर साहेबलोकांची टर उडवतायत," कडूबाई उठल्या. "मंत्र्यांना म्हणावं, घाई असेल तर या गल्ली झाडायला."

विमलताईंनी संग्रहाच्या समासात पेन्सिलीने लिहिले : ‘या आवृत्तीत "म्हणे" हा शब्द गाळला आहे. त्यामुळे टोमण्याचा उपदेश झाला.’