शंभर टक्के परत

दिवाळीच्या साफसफाईत वत्सलाबाईंनी नवऱ्याची हार्डडिस्कही घासून धुतली आणि उन्हात वाळत घातली. ते वारले तेव्हा त्यांचं अख्खं मन त्या डबीत उतरवून ठेवलं होतं, आणि डबी त्यांच्याच आवाजात बोलायची. आता ती मुकी झाली. मग मुलानं, श्रीरंगनं, ‘शंभर टक्के परत!’ अशी जाहिरात करणारं सॉफ्टवेअर आणून चालवलं.

डबी मायेनं बोलली, “वत्सला, जेवलीस का गं?”

“बघ आई, जसेच्या तसे बाबा!”

“कसले डोंबलाचे बाबा! जन्मभर ‘अगं ए’ म्हणायचे. नाव कधी घेतलं नाही, जेवणाचं तर विचारलंच नाही. पुसलं गेलेलं हे मेलं सॉफ्टवेअर आपल्या मनानं भरतंय.”

श्रीरंगचा चेहरा उतरला. तो डबी बंद करायला वाकला.

वत्सलाबाईंनी त्याचा हात धरला. “थांब रे. अजून एकदा म्हणू दे.”