डोर्कसची शपथ

बुधवार असूनही जेथ्रो स्टॉरने रविवारचा काळा कोट चढवला, तेव्हा शेजारची मेग दारातूनच म्हणाली, "निघालास का एकदाचा मागणी घालायला? बावीस वर्षं नुसते मासेच पोचवतोयस बाईला."

जेथ्रो हसला आणि चढण चढू लागला. वर डोर्कस छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरने हात टेकले होते. आज बोललं नाही तर राहूनच जाणार होतं.

अठराशे एकोणसत्तर साली त्याने तिच्या नवऱ्याला, ऑबेडला, धक्क्यावर वल्ह्याने हाणलं होतं. दोघे एकाच होडीवर कामाला होते. डोर्कसचा सुजलेला डोळा पाहून जेथ्रोचं डोकं फिरलं, शब्दाने शब्द वाढला आणि ऑबेड धुक्यात खाली समुद्रात पडला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. घाव कुणी पाहिला नव्हता, पण भांडण धक्क्यावरच्या दोघा कोळ्यांनी ऐकलं होतं.

महिन्याने एक प्रेत किनाऱ्याला लागलं. कवटी फुटलेली, चेहरा ओळखू न येणारा, अंगातला निळा स्वेटर तेवढा शाबूत. यॉर्कशरच्या या किनाऱ्यावर बुडालेला माणूस विणीवरूनच ओळखतात. बायकोला आपल्या हातचा टाका अंधारातही कळतो. खानावळीच्या माडीवर चौकशी बसली. डोर्कसने नुसती मान हलवली असती, तरी जेथ्रो फासावर गेला असता.

तिने बाह्या उलटून पाहिल्या, बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं, "हे माझं विणकाम नाही."

प्रेत बेवारशी म्हणून पुरलं, ऑबेड पळून गेला असं ठरलं आणि जेथ्रो सुटला. पण त्या स्वेटरच्या छातीवरचा दोरखंडासारखा पीळ त्याने पाहिला होता. होडीत रोज समोर दिसणारा पीळ तो कसा विसरेल? रविवारी काम करणं पाप म्हणून मोजासुद्धा रफू न करणारी बाई त्याच्यासाठी देवासमोर खोटं बोलली होती. तिच्या त्या एका वाक्यावर त्याने म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं, भाच्यांची लग्नं पाहिली, बावीस वर्षं पोटभर जेवला. हे उपकार फिटणारे नव्हते.

डोर्कस उशीला टेकून बसली होती. त्याने टोपी काढली आणि वल्ह्यापासून सगळं सांगून टाकलं. उद्या तो न्यायाधीशाकडे जाऊन कबुली देणार होता.

"खोट्या शपथेचं पाप घेऊन जाऊ नकोस, डोर्कस. माझ्यासाठी केलंस ना? मग भोग मला भोगू दे."

तिने त्याचा हात धरला. माझ्यासाठी हात उचलणारा जगात तू एकटाच निघालास, ती म्हणाली, आणि त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानलेत.

"पण तुला आधीच सांगायला हवं होतं रे. धीर झाला नाही. मी खोटं नाही बोलले. असला पीळ पलीकडच्या बंदरातही घालतात. टाके माझे नव्हते."

"मग ऑबेड?"

"तू हाणलंस त्याच संध्याकाळी तो घरी आला, ओलाचिंब. चहा प्यायला, मासे चिरायचा सुरा उचलला आणि तुझा जीव घ्यायला निघाला. मी त्याला दारापर्यंत पोचू दिलं नाही."