नव्या वसाहतीची यादी

नव्या वसाहतीची मतदारयादी साहेबांनी धाकटीच्या हातात ठेवली आणि थोरलीच्या कपातला चहा तसाच राहिला.

वीस वर्षं थोरली पक्षाचं काम करत होती. आपल्या गल्लीतल्या दोनशे घरांत चिठ्ठ्या तिनंच वाटायच्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून केंद्रावर तिनंच न्यायचं. तशी साहेबांची जागा अशी, की पक्षानं दगड उभा केला तरी निवडून यावा. प्रचार आपला नावाला. पण थोरलीनं चपलेचा अंगठा तुटला म्हणून कधी फेरी चुकवली नाही. आणि ही तिची जाऊ! घरात येऊन तीन वर्षं, पक्षात येऊन तीन महिने.

“तिथं गोड बोलणारं माणूस हवं,” साहेब म्हणाले. मग धाकटीला टेबलापलीकडे बोलावून त्यांनी हळू आवाजात काहीतरी समजावलं. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. थोरलीला एक शब्द कळला नाही, आणि तेच जास्त लागलं. तिच्याशी साहेब वीस वर्षांत कधी हळू बोलले नव्हते.

उठता उठता ते सगळ्यांना म्हणाले, “निकालानंतर महिला आघाडीची अध्यक्ष नेमायची आहे. मला भाषणं नकोत. आकडे दाखवा.”

ती खुर्ची थोरलीनं दहा वर्षं मनातल्या मनात पुसून ठेवली होती.

धाकटी रोज संध्याकाळी वसाहतीत जायची आणि पाय ओढत परत यायची. दोघींचं स्वयंपाकघर एकच. थोरली कणीक मळता मळता विचारायची, “काय सांगतेस गं तिथं?”

“काही नाही, ताई. बसते, बोलते.”

“चिठ्ठ्या वाटल्यास?”

“त्या साहेबांनी दिल्याच नाहीत अजून.”

चिठ्ठ्यांशिवाय प्रचार! हिला मागायचीसुद्धा अक्कल नाही, आणि हिला अध्यक्ष करायचं. थोरलीनं कणकेला एक गुद्दा जास्तच हाणला.

“ताई,” धाकटी भांडी लावता लावता म्हणाली, “एखादं काम मनाला पटत नसलं तर काय करावं हो?”

“सोडून द्यावं. करणारे पुष्कळ आहेत.”



थोरलीच्या गल्लीत मतदान दर वेळी ऐंशी टक्क्यांच्या घरात. त्यापुढं ताणून ताणून किती ताणणार? आपली रेघ वाढवायला जन्म जातो, दुसऱ्याची पुसायला ओलं बोट पुरतं. धाकटी दुपारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या नोकरीवर असे. थोरलीनं दुपार धरली.

वसाहत म्हणजे तीन इमारती. रुंद रस्त्यासाठी ज्यांची घरं पाडली, त्यांना वर्षापूर्वी इथं आणून बसवलेलं. साहेबांनीच दिलेली घरं, मतं जातात कुठं? थोरली चार जिने चढून एका निवृत्त पोस्टमनच्या दारात उभी राहिली. पोस्टमनला सांगितलं की सगळ्या इमारतीला पोचतं, हा तिचा हिशेब.

“लिफ्ट सात महिने बंद आहे,” दार उघडताच आजोबा म्हणाले. “साहेबांना सांगा.”

“सांगते की! पण आजोबा, मतदानाच्या दिवशी या वयात जिने उतरून, उन्हात रांगेत कशाला उभं राहायचं? साहेब काय, येणारच आहेत.”

“नक्की?”

“लाखाच्या फरकानं. लिहून घ्या.”

“म्हणजे आम्ही गेलो काय, न गेलो काय...”

“सारखंच!”

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. “खरं बोललात ते बरं केलंत. सांगून टाकतो सगळ्यांना.”

आठ दिवसांत तिन्ही इमारती झाल्या. आपण पाप करतोय असं तिला एकदा वाटलं, दुसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या जिन्यावर. पण तेवढ्यात ते ‘गोड बोलणारं माणूस’ आठवलं आणि पाय आपोआप वर चालायला लागले.

मतदान झालं. थोरलीची गल्ली ब्याऐंशी टक्के. नवी वसाहत एकतीस.

धाकटी त्या रात्री जेवली नाही. थोरलीनं तिचं ताट स्वतः वाढलं, पाठीवरून हात फिरवला. “होतं गं असं पहिल्यांदा.” इतकी माया तिला तीन वर्षांत आली नव्हती.

निकाल लागला. साहेब लाखाच्या फरकानं आलेच. गुलालाचे हात धुऊन त्यांनी आपल्या दहा-बारा माणसांना कचेरीच्या आतल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि धाकटीला पुढं यायला सांगितलं. थोरलीनं पदर नीट केला. आता बिचारीला बोलणी बसणार, मग आपलं नाव.

“त्या वसाहतीत आपल्याला मानणारी दहा घरं नाहीत,” साहेब म्हणाले. “घरं पाडली म्हणून सगळे दात धरून बसलेत. जागा जाणार नव्हतीच, पण माझ्याच नव्या वसाहतीत माझ्याविरुद्ध मतांचा ढीग पडलेला वरच्यांना दिसला असता तर मंत्रिपद गेलं असतं. मी हिला एवढंच सांगितलं होतं, ही माणसं घरी बसली पाहिजेत. शंभरातली एकोणसत्तर बसली! महिला आघाडीची अध्यक्ष हीच.”

टाळ्या वाजल्या. थोरलीचेही हात वाजले, तिला न विचारता.

धाकटी तिच्याशेजारी येऊन बसली. चेहरा पांढराफटक. तिनं थोरलीचा हात घट्ट धरला आणि कानाशी लागून म्हणाली, “ताई, माझ्या तोंडून ते निघालंच नाही हो. मी दारोदार जाऊन ‘मतदानाला या’ असंच सांगत होते. मग ही माणसं घरी बसली कशी?”